ओसाड या शब्दाविषयी

गेली अनेक वर्षे कविता शिकवताना आम्ही 'वाळवंट' या प्रतिमेचा अर्थ बिनदिक्कत सांगत आलो : रितेपण, वांझपण, जिथे काहीच नाही अशी जागा. विद्यार्थी तो उतरवून घेत आणि परीक्षेत तसाच लिहीत. या अर्थाविषयी आम्हांला पहिली शंका आली ती मात्र कवितेमुळे नव्हे, एका वीजप्रकल्पाविषयी वाचताना.

राजस्थानात थरच्या वाळवंटात भडला येथे २२४५ मेगावॉट क्षमतेचे सौरऊर्जा उद्यान आहे. ते सुमारे १४ हजार एकरांवर पसरले आहे. २०१७ सालच्या लिलावात तिथल्या विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला होता. ही गोष्ट लहान नव्हे. कोळसा जाळून मिळवलेल्या उजेडात बसून सूर्याच्या विजेला नाके मुरडणे आम्हांला शोभणारे नाही.

आम्ही अडखळलो ते अशा प्रकल्पांच्या समर्थनात हमखास येणाऱ्या एका वाक्यापाशी : ऊन भरपूर आणि जमीन पडीक. यातला पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्धाचे काय? महसुली दप्तरांत ओसाड म्हणून नोंदलेल्या जमिनींत जैसलमेरकडची काही 'ओरण'ही येतात. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान; तिथे कुऱ्हाड चालत नाही, गुरे मात्र चरतात. हा शब्द 'अरण्य'पासून आला असे मानतात. म्हणजे गाव ज्याला अरण्य म्हणते त्याला दप्तर ओसाड म्हणते! डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा देवरायांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश राजस्थान सरकारला दिला. आमच्या भाषेत सांगायचे तर ती पाठदुरुस्तीच होती.

याच आकाशात माळढोक उडतो. देह जड, समोरची नजर अधू. त्यामुळे वीज वाहून नेणाऱ्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. देशात उरलेल्या थोड्या माळढोकांपैकी बहुतेक राजस्थानातच आहेत. त्याच्या मराठी नावात मात्र आपला माळ आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तिथे त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. त्या माळालाही आपण पडीकच म्हणत आलो होतो.

सौरऊर्जा हवी, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु एखादी भूमी रिकामी ठरवण्यापूर्वी तिथे कोण चरते, कोण उडते, कोण हात जोडते हे पाहिले जावे; लिलाव त्यानंतर व्हावा. दप्तरातला कारकून आणि वर्गातले आम्ही, दोघांनी न पाहताच एक शब्द वापरला. त्याच्या शब्दाने जमीन गेली. आमच्या शब्दाने ती जाताना कोणाला काही वाटू नये याची सोय झाली.

परवा वर्गात पुन्हा ती प्रतिमा आली. आम्ही नेहमीचा अर्थ सांगितला नाही. 'रिते, पण कोणाच्या लेखी?' एवढेच विचारले. वर्ग गप्प राहिला. उत्तर आमच्यापाशीही तयार नव्हते.