अब्बांची नळी

गेल्या डिसेंबरात फजरची नमाज आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात एडमंटनहून धाकट्या भावाचा फोन आला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. देहू साडेबारा तास पुढे.

"भाईजान, सगळं पाणी वाहून गेलं."

लेकीच्या स्केटिंगसाठी तो घरामागच्या काँक्रीटच्या अंगणात बर्फाचं मैदान करत होता. कॅनडात बरीच कुटुंबं करतात. चारी बाजूंनी फळ्या, आत पांढरा प्लास्टिकचा कागद (काळा ऊन खातो), त्यात पाणी. पुढचं काम थंडीचं. मातीत फळ्यांना खुंट्या ठोकता येतात, काँक्रीटमध्ये नाही. शिवाय पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून अशा अंगणाला उतार असतो. त्याच्याकडे सहा मीटरला बारा सेंटीमीटर निघाला. म्हणजे वरच्या कडेला आठ सेंटीमीटर पाणी, तर खालच्या कडेला वीस. तिथे दर चौरस मीटरला दोनशे किलो वजन. हे मोजलं नंतर. त्याआधीच खालची फळी सरकली होती.

मला हसू आलं. गवंड्याची पोरं आम्ही! तळवडे-चाकणकडे कारखाने वाढले, तशा देहूत भाड्याच्या खोल्या वाढल्या. त्यातल्या कितीतरींचे स्लॅब अब्बांच्या हातचे. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर मालाची आळी करून पाणी तुंबवायचे. लेव्हलला पारदर्शक नळी, तिचं एक टोक अब्बांकडे, दुसरं आमच्यापैकी एकाकडे. नळीत बुडबुडा राहिला तर माप खोटं, म्हणून आधी टिचक्या मारायच्या.

अब्बा गेले तेव्हा भावाचे तिकडचे कागद अडकले होते. मिट्टी द्यायला तो नव्हता. कारण मला माहीत होतं, तरी मन साफ नव्हतं. दोन वर्षं आमचं बोलणं ईद मुबारकपुरतं.

त्या सकाळी मात्र तासभर बोललो. "नळी घे," मी म्हणालो. त्याने पाणी भरून पाहिलं, उणे पंधरात ते नळीतच गोठलं. मग त्याने गाडीची काच धुवायचं निळं द्रव भरलं, ते गोठत नाही. दुसरं टोक लेकीने धरलं. खालच्या बाजूला उंच फळी, मागे त्रिकोणी टेकू, टेकूंवर वाळूची पोती. कागदाखाली जुन्या चादरी, खडा टोचू नये म्हणून. सलग चार दिवस कडक थंडीचा अंदाज पाहून एका दमात पाणी भरलं.

आठवड्याने पुन्हा फोन. मैदानाचं सांगून झालं, तरी तो ठेवेना.

"भाईजान, अब्बांच्या कबरीवर पावसात पाणी साचतं का?"

"पहिल्या पावसात माती बसली होती. मग भर टाकली. आता नाही साचत."

पलीकडून स्केट्सची खरखर ऐकू येत होती.