वाट पाहणें

‘प्रतीक्षा’ या संस्कृत शब्दाच्या पोटीं पाहण्याचा धातु आहे, आणि मराठींतहि आपण वाट ‘पाहतों’. म्हणजे हें मुख्यतः डोळ्यांचें काम. आमच्या वडिलांचे, नानांचे, डोळे १९७६ नंतर पांच वर्षें पोस्टमनच्या सायकलीकडे लागलेले होते.

नाना १९३८ सालीं नागपूरच्या एका सरकारी कचेरींत कारकून म्हणून लागले. त्या वेळीं हें शहर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होतें. १९५० त प्रांताचें नांव मध्यप्रदेश झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राजधानी भोपाळास गेली आणि आम्ही मुंबई राज्यांत आलों. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. नानांनीं नागपूर कधीं सोडलें नाहीं, परंतु त्यांचे धनी चार झाले. निवृत्त होतांच याची किंमत कळली. १९५६ पूर्वींच्या नोकरीची पडताळणी झाल्यावांचून पेन्शन कायम होईना. नागपूर म्हणे कागद भोपाळांत आहेत, भोपाळ म्हणे मुंबईस रवाना केले, मुंबई म्हणे नागपुरास विचारा. तात्पुरती म्हणून मिळणारी रक्कम वाण्याच्या उधारींतच जाई. काम लांबविणाऱ्यास संस्कृतांत ‘दीर्घसूत्री’ म्हणतात. कचेरींतील फितींच्या गांठी पाहिल्यावर तो शब्द मला शब्दशः पटला.

तशी ती संवय साऱ्यांचीच होती. महायुद्ध १९४५ त संपलें, रेशनची रांग मात्र आम्हां पुढच्या पिढीच्याहि वांट्यास आली. इतवारींतील आमच्या ओळखीचे एक कापसाचे व्यापारी मुंबईचा भाव विचारण्यासाठीं ट्रंक कॉल लावून सकाळपासून गादीवर बसत. कॉल लागेपर्यंत भाव फिरलेला असे. आमच्या महालांतील वाड्यांत एकानें लग्न ठरतांच स्कूटरसाठीं नांव नोंदविलें, ती आली मुलाच्या मुंजीला!

राजकारणाचें तर विचारूंच नये. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानें विदर्भास लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा देऊं केला. १९५५ त फाजल अली आयोगानें वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती अहवालांतच राहिली. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचा अंदाज १९८३ त ३७२ कोटींचा होता, पुढें तो कित्येक हजार कोटींवर गेला. राजीव गांधींनीं २२ एप्रिल १९८८ रोजीं त्याची कोनशिला बसविली. त्या वर्षीं माझ्या वर्गांत बसणारे मुलगे बाप झाले, तरी कालव्यांचें काम चालूच होतें.

परंतु सरकाराकडे बोट दाखवितांना माझें बोट थोडें अडखळतें.

१९७८ त कचेरीनें कळविलें कीं, कागद सांपडत नसतील तर त्या काळीं बरोबर नोकरी केलेल्या दोघां सहकाऱ्यांचीं प्रतिज्ञापत्रें चालतील. एक गृहस्थ नागपुरांतच होते, दुसरे वर्ध्यास. नाना म्हणाले, “बाळ, रविवारीं वर्ध्याला जाऊन त्यांची सही घेऊन ये.” मी नुकताच शाळेंत लागलों होतों. एका रविवारीं वह्यांचे गठ्ठे तपासावयाचे होते, एका रविवारीं मित्राचें लग्न होतें, आणि एका रविवारीं तर नुसतें ऊन होतें. चौथ्या रविवारीं गेलों. घरांत त्या गृहस्थांच्या तेराव्याची तयारी चालली होती.

रात्रीं परत आलों. नानांनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “जेवलास का?”

दुसरा सहकारी शोधून काढण्यांत दीड वर्ष गेलें. ते अकोल्यास सांपडले. त्या खेपेस नाना स्वतः गेले, मला सांगितलें नाहीं. १९८१ च्या पावसाळ्यांत मंजुरी आली. थकबाकी हातीं पडली त्या संध्याकाळीं नाना वही घेऊन बसले. वाण्याचे इतके, आईच्या मोडलेल्या पाटल्यांचे इतके, असें करीत शेवटीं थोडे पैसे त्यांनीं माझ्यापुढें ठेवले.

“हे कशाचे?” मीं विचारलें.

“वर्ध्याच्या फेरीचें भाडें. तुझ्या पगारांतून गेलें होतें ना?”

मीं ते घेतले.