तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

आप्पांच्या गॅरेजात काढलेले प्लग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. खळग्यांवर मार्करने १, २, ३, ४. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे विसरलं की निम्मी माहिती गेली, असं त्यांचं म्हणणं. गॅरेज सुरतेच्या नवागामात, उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या रुळांपासून फार लांब नाही. मालगाडी गेली की ट्रे थरथरतो. मध्यंतरी त्यात माझे चार प्लग होते. तीन बरे होते. तिसरा पाहिला आणि मी खाली बसलो.

*

गाडी कोंडाईबारीच्या घाटात बसली. मे महिना, दुपारचे दोन, साक्रीला लग्न. गाडीत चौघं, एसी चालू. ट्रकला मागे टाकायला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज, दोन-तीन सेकंद. मग ताकद गेली, आरशात निळा धूर. लग्नाला रिक्षाने गेलो, गाडी टोचन लावून परत आली.

आप्पा शिरपूरकडचे. "काय व्हयनं भाऊ?" एवढं विचारून बॉनेट उघडायच्या आधीच दुसरा प्रश्न: "पेट्रोल कुठलं भरलंवतं?"

मी प्लगाचा ब्रँड सांगायला लागलो होतो.

*

कॉम्प्रेशन: बाकी तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास, तिसरा ५५. हेड उतरवलं. पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधली कड, तिला रिंगलँड म्हणतात, नखाएवढी तुटून गेलेली. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे.

माझ्यासारखी रिमॅप केलेली, म्हणजे कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलेली, छोटी टर्बो इंजिनं बरेचदा इथेच मरतात. प्लगाची ठिणगी पडली की आग एका टोकाकडून दुसरीकडे पसरत जायला हवी. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, जास्त, हवा तापलेली, पेट्रोल हलकं असलं की लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण आगीची वाट न बघता एकदम पेटतं. हेच नॉकिंग. तो खड्यांचा आवाज म्हणजे दाबाची लाट धातूवर आपटत असते. कंपनीच्या सेटिंगमध्ये नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो आणि वाचवतो. रिमॅपमध्ये ही मोकळीक किती ठेवली आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

प्री-इग्निशन वेगळं. तिथे ठिणगीच्या आधीच एखादी लालबुंद जागा मिश्रण पेटवते, आणि ती जागा पुष्कळदा प्लगाचं टोकच असतं. नॉकिंगवर इंजिन काही दिवस काढतं, प्री-इग्निशनमध्ये पिस्टनला भोक पडायला मिनिट लागत नाही. लोक दोन्हींना "डिटोनेशन" म्हणून मोकळे होतात.

*

शेजारचे काका वराछाला हिऱ्याच्या कारखान्यात आहेत. त्यांच्या खिशात दहापट भिंग असतं, सुरतेत त्याला आयग्लास म्हणतात. त्यांनी माझा प्लग हिरा धरावा तसा चिमट्यात धरला, उजेडाकडे वळवला आणि म्हणाले, "यात तर डाग आहेत."

भिंगातून मी पाहिलं. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके. काही काळे, काही मात्र गोल आणि चकचकीत, रुपेरी थेंब. ते ॲल्युमिनियम. म्हणजे माझा पिस्टन, कणाकणाने वितळून प्लगावर येऊन बसलेला.

आता खरी गोष्ट. मार्चमध्ये मी प्लग काढले होते, तेव्हाही हे ठिपके होते. थोडे होते. काजळी समजून मी ते पेट्रोलच्या फडक्याने पुसून टाकले आणि प्लग परत बसवले.

*

गरम प्लग, थंड प्लग. ठिणगी थंड किंवा गरम असते असं समजणारे अजून भेटतात. ठिणगीचा इथे संबंध नाही. प्रश्न एवढाच की टोकाची उष्णता हेडमध्ये किती लवकर उतरते. आतली चिनी मातीची नळी लांब तर उष्णता रेंगाळते, तो गरम प्लग. आखूड तर थंड. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर स्वतःची काजळी स्वतः जाळतं. ८५०च्या पुढे गेलं तर तेच मिश्रण पेटवायला लागतं. सगळी निवड या दोन आकड्यांमधली.

ट्यूनर लोकांचा ढोबळ हिशेब असा: ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली की एक पायरी थंड. माझी वाढली होती तीस. मी दोन पायऱ्या थंड प्लग घातले होते, कारण ऐकायला बरं वाटतं. उधना दरवाजा ते डिंडोली, संध्याकाळी सात वाजता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत. पंधरा दिवसांत चारही प्लग काळेकुट्ट, गाडी मिसिंग मारायला लागली. दोष मी इंजेक्टरला दिला होता.

*

दुकानाच्या काउंटरवर ऐकलेलं. एका मुलाच्या गाडीत बॉशचा ७ नंबर होता. त्याला एक पायरी थंड हवा होता, म्हणून त्याने ८ मागितला. एनजीकेत ते बरोबर ठरलं असतं, तिथे आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये उलटं, आकडा वाढला की गरम. डेन्सोत पुन्हा वाढत्या आकड्याला थंड, पण मोजणी निराळी: २०, २२, २४ म्हणजे एनजीकेचे ६, ७, ८. आप्पांनी मध्ये पडून डबी परत करायला लावली. दुकानदाराने मागितलं ते दिलं होतं, त्याची चूक नव्हती. नंबर पाठ करताना सोबत कंपनीचं नावही पाठ करावं.

*

मायको. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "मायकोचा प्लग" म्हणतात. १९५१ साली निघालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८मध्ये तिचं नाव बॉश झालं, तरी नाशिकला मायको सर्कल तेच राहिलं.

दुसरी एक जुनी गोष्ट: "प्लग तपकिरी असला की इंजिन ठीक." हा नियम शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. देशभर शिसं बंद झालं २००० साली. आताच्या पेट्रोलवर रंग फिका येतो, चांगला प्लगही जवळपास पांढरा दिसतो. त्यामुळे रंग बघून खूश होण्यात अर्थ नाही. ठिपके बघा, टोकाची धार गोल झाली का बघा, मातीला केसासारखी चीर आहे का बघा.

*

गॅप. टर्बोच्या गप्पांमध्ये ब्रँडवर तासभर जातो आणि गॅपवर एक मिनिट. उलट हवं. दाब वाढला की तेवढंच अंतर ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल तेवढं देऊ शकली नाही की वरच्या आरपीएमला ठिणगी विझते, गाडी उचक्या देते. मूळ ०.९ मिमीची गॅप बूस्ट वाढवल्यावर ०.७पर्यंत आणावी लागते. फिलर गेजची पाती अडखळत सरकली पाहिजे, सुळकन गेली तर जास्त झाली.

हे मला शिकवलं डिंडोलीच्या रिक्षावाल्याने. सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा अवघड, म्हणून तो गॅप आधीच कमी ठेवतो आणि प्लग वेळच्या वेळी बदलतो. त्याला टर्बोचं काही माहीत नाही. त्याची गाडी मात्र रोज सकाळी सुरू होते.

*

इरिडियम. धातू जबरदस्त: निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ला, इरिडियम २४४६ला. म्हणून टोक ०.४ मिमीइतकं बारीक करता येतं आणि बारीक टोकाला ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. त्याने ताकद वाढते ही विक्रेत्याची भाषा. नाण्यासारख्या गोल गॅप-टूलने मधलं टोक दाबून गॅप करणारे ते टोकच मोडतात. ज्याला "कॉपर प्लग" म्हणतात त्याचं टोक निकेलचं, तांबं आतल्या गाभ्यात, आणि ते इरिडियमच्याही गाभ्यात असतंच. बूस्ट वाढवलेल्या गाडीत साधा निकेलचा घालून दर दहा हजार किलोमीटरना बदलणारा माणूस मला जास्त शहाणा वाटतो.

*

पेट्रोलच्या प्रश्नाचं उत्तर. माझा रिमॅप १०० ऑक्टेनसाठी लिहिलेला. साध्या पेट्रोलसाठी ट्यूनरने वेगळी फाइलही दिली होती, ती लॅपटॉपमध्ये पडून होती. बारडोलीच्या पुढे साधं भरलं. हल्लीच्या ई-२०चा ऑक्टेन ९५ आहे, जुन्या ९१पेक्षा बरा, म्हणून "चालतंय" असा समज झाला. सपाट रस्त्यावर चाललंही. घाट, चौघं, ऊन आणि दबलेला पाय एकत्र आले तेव्हा नाही चाललं. नवापूरकडचे लोक गुजरातेत येऊन टाकी भरतात, स्वस्त पडतं म्हणून. मीही त्याच बेताने भरली होती. वाचले असतील शंभर-दीडशे रुपये.

*

शर्यतीच्या गाड्यांचं उदाहरण द्यायची सवय आहे. चाकणला बनलेल्या व्हेंटोची २०१५ची कप गाडी १.४ लिटरमधून १८० हॉर्सपॉवर काढायची, मग आपली का नाही? त्या गाडीमागे टेलिमेट्री, ठरलेलं पेट्रोल आणि दर फेरीनंतर झाकण उघडणारी माणसं होती. आपल्यामागे ईएमआय.

छोट्या टर्बोचा आणखी एक रोग: पाचव्या गिअरमध्ये १५००वर पाय दाबणे. कमी आरपीएम, पूर्ण बूस्ट, तेलाचे थेंब ठिणगीआधीच पेटतात. त्यासाठी तेलाचे नियम बदलले: एपीआय एसएन प्लस २०१८ला, एसपी २०२०ला. थंड प्लग घालून हा रोग जात नाही. डब्यावर एसपी बघा आणि गिअर खाली घ्या.

कायद्याचंही लिहून ठेवतो. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापलीकडे गाडीत बदल चालणार नाही. विम्याच्या माणसाला मी काही सांगितलं नाही, दावाही केला नाही.

*

काल इंजिन लागलं. चार नवे पिस्टन, एक पायरी थंड प्लग, गॅप ०.७, बूस्ट खाली, साध्या पेट्रोलची फाइल. गाडी आता जरा मंद आहे. बायकोला फरक कळला नाही.

*

मॉडिफाय केलेली जुनी गाडी घ्यायला कोणी निघालं असेल तर: डायनोचा, म्हणजे ताकद मोजल्याचा, कागद नंतर बघा, आधी चारही प्लग काढून दाखवायला सांगा, क्रमाने. मालक म्हणेल इंजिन गरम आहे. ते खरं असू शकतं, गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढले की आटे जातात. तासभर थांबा, चहा घ्या. भिंग घरून न्या. प्लग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.