दोन व्याधि, एक यंत्र

एखाद्या घरांत दोन दुखणीं एकाच वेळीं शिरलीं म्हणजे घरचीं माणसें त्यांचें परस्परांशीं नातें जोडून मोकळीं होतात. यंत्राच्या बाबतींतही तेंच घडतें. २०२५ च्या मे महिन्यांत शाळेची एक माजी विद्यार्थिनी आपला लॅपटॉप घेऊन मजकडे आली. यंत्र २०१६ सालचें, थोरल्या भावाकडून तिला मिळालेलें. रॅम अवघी ४ जीबी. तक्रारी दोन होत्या. मेमरी सदा भरलेली दिसे, आणि काम चालूं असतां यंत्र अकस्मात् काळें पडून आपोआप पुन्हां सुरू होई. सीताबर्डीवरील एका दुकानदारानें ‘मेमरी भरते म्हणून बंद पडतें, आतां नवेंच घ्या’ असा निकाल दिला होता. वडील ऑटोरिक्षा चालवितात. ते कर्ज काढण्याच्या विचारांत होते.

मला तो निकाल पटेना. मेमरी भरली तर विंडोज कांहीं मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते. जुनी डिस्क मंद, म्हणून सारे व्यवहार रखडतात, क्वचित् एखादा प्रोग्राम कोलमडतो. परंतु सबंध यंत्रच क्षणार्धांत विझावें, हें सहसा त्या व्याधीचें लक्षण नव्हे.

प्रथम तिच्या सर्व फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. आजारी यंत्राची परीक्षा त्यानंतरच करावी. मग विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडली. तींत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद वारंवार आढळली. लोक तिला उगाच भितात. तिचा अर्थ इतकाच कीं, यंत्र रीतसर बंद न होतां पुन्हां सुरू झालें. कां, तें ती सांगत नाहीं. मोठा बिघाड झाल्यास विंडोज निळा पडदा दाखविते, पण लगेच आपोआप पुन्हां सुरू होत असल्यामुळें तो वाचतां येत नाहीं. ती सोय मीं काढून टाकली. तरीही निळा पडदा दिसला नाहीं. यंत्र पूर्वीसारखेंच नुसतें विझलें. रॅमची तपासणी निर्दोष निघाली. चार्जर बदलून पाहिला, फरक नाहीं. राहिली उष्णता.

मुलीला मीं एका वहींत वेळा टिपावयास सांगितलें. आठ नोंदी झाल्या. साऱ्या दुपारीं १२ ते ४ मधल्या. सकाळची एकही नव्हती. शिवाय ती लॅपटॉप गादीवर ठेवून काम करी, त्यामुळें खालचीं छिद्रें बुजत. आपल्या नागपुरांत २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. अशा हवेनें कोणतेंही यंत्र थंड करूं पाहणें म्हणजे कढत पाण्यानें चहा निवविणें होय. प्रोसेसरचें तापमान दोन निरनिराळ्या प्रोग्रामांनीं मोजलें, कारण मापकही चुकतो. मे २०२४ मध्यें येथील एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडविली, आणि हवामान खात्याला संवेदक बिघडल्याचा खुलासा करावा लागला होता! आमचे दोन्ही आंकडे मात्र जुळले: ९८ अंश.

मागचें झांकण उघडलें तों पंख्यापुढील पातळ पट्ट्यांवर धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला. प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळून खडूसारखा झाला होता. धूळ काढली, लेप नवा लावला आणि गादीऐवजीं पाट आला. तापमान ७५ च्या आसपास राहूं लागलें व यंत्र विझावयाचें थांबलें.

बारा दिवसांनीं ती पुन्हां दारांत उभी. “सर, आतां बंद पडत नाहीं, पण मेमरी पूर्वीपेक्षां जास्त भरते.” सर्व प्रोग्राम मिटले असूनही मेमरी ८५ टक्के व्यापलेली होती. “तूं रोज यंत्र बंद करतेस ना?” “हो सर, रोज रात्रीं शट डाउन करतें.” मीं टास्क मॅनेजर उघडून तिला एक आंकडा दाखविला. यंत्र सलग बारा दिवस चालूं असल्याचें तो सांगत होता. ती चकितच झाली.

यांतील मेख अशी. विंडोजमध्यें ‘फास्ट स्टार्टअप’ नांवाची सोय आहे. तीमुळें शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो व सकाळीं जसाच्या तसा परत आणला जातो. त्या गाभ्यांत वायफायचा जुना ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत न करतां रोज थोडी थोडी दाबून बसत होता. ‘नॉन-पेज्ड पूल’चा आंकडा १ जीबीच्या वर गेलेला होता. खरी सफाई होते ती रीस्टार्टनें. उन्हाळ्यांतील दुपारचा आकस्मिक झटका तीच सफाई नकळत करून देत होता! म्हणून पहिली व्याधि बरी होतांच दुसरी पुरतेपणीं उघडी पडली. लॅपटॉप बनविणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घातला, फास्ट स्टार्टअप बंद केलें, आणि आंकडा जागच्या जागीं राहूं लागला. ४ जीबी कांहीं ८ झाली नाहीं. ब्राउझरचीं पंचवीस पानें उघडलीं तर यंत्र आजही कण्हतें.

वडिलांनीं कर्ज काढलें नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची देखभाल मात्र संपली, आणि या वयाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादींत बसत नाहीं. सध्यां ती पेन ड्राइव्हवरून लिनक्सची एक हलकी आवृत्ति चालवून पाहत आहे. मराठी टंकलेखन जमलें आहे. भावाच्या प्रिंटरशीं अद्याप भांडण आहे.