पद्मिनीचा फोटो

आमच्या घरात मोटारीचे फोटो पुष्कळ आहेत. पण एकाही फोटोत मोटार नाही. दर दसऱ्याला आण्णा गाडी धूत, तिला झेंडूची माळ घालीत, आणि मग आम्ही सारे तिच्यापुढे अशा काही दाटीने उभे राहत असू, की मागे गाडी आहे की भिंत आहे हे कळू नये. एका फोटोत आईच्या कोपराखालून एक दिवा डोकावतो, एवढाच काय तो पुरावा.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी आण्णांना गाडी चालवायची नाही म्हणून बजावले, आणि आठ दिवस कुणाशी न बोलता आण्णांनी गाडी विकायचे ठरवले. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचा निरोप आला, "आधी फोटो पाठवा. माणसं नकोत, फक्त गाडी." अशा रीतीने, वीस वर्षे मुलांना केशवसुत शिकवणारा मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मोटारींचा छायाचित्रकार झालो.

गाडी १९७८ सालची पद्मिनी. मूळची इटलीची फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे चितोडच्या राणीचे नाव ल्याली. (जुन्या कामशास्त्रात नायिकांच्या चार जाती सांगितल्या आहेत. हस्तिनी सोडून पद्मिनी हे नाव ज्याने निवडले, त्याच्या रसिकतेला माझा नमस्कार.) नंबर लावून आण्णा तिच्यासाठी काही वर्षे थांबले होते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पहिला फोटो मी भर दुपारी, अंगणात, फोनवर आणि अगदी जवळून काढला. गाडीचे नाक वांग्यासारखे फुगले, मागचा भाग कुठल्या कुठे गेला आणि दारावर शेजाऱ्यांची वाळत घातलेली लुंगी व माझे पोट अशी दोन चित्रे ठळकपणे उमटली. लग्नाचे फोटो काढून फी भरणारा आमच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आहे. तो फोटो पाहून त्याने हसू दाबले.

"सर, गाडी म्हणजे आरसा," तो म्हणाला. "आधी गाडीकडे नाही बघायचं. गाडीत काय दिसतंय ते बघायचं."

वीस वर्षांत माझ्या वर्गात इतके सरळ वाक्य कुणी बोलले नव्हते, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत आम्ही कॉलेजच्या मैदानावर गेलो. सोबत आण्णा होतेच. त्या वेळी सगळे आकाश सारखे उजळलेले असते, त्यामुळे पत्र्यावर ऊन चरचरत नाही, नुसती वळणे दिसतात. विद्यार्थ्याने मला वीस पावले मागे नेले आणि लांब पल्ल्याचे भिंग लावून दिले; गाडीचे नाक लगेच ताळ्यावर आले. मग गुडघ्यावर बसवले, कारण उभ्याने काढलेल्या फोटोत गाडी खेळण्यासारखी दिसते. पुढची चाके अशी वळवली, की आमच्याकडे रबर न येता मधली चकचकीत बशी यावी. भिंगापुढे त्याने एक काच बसवली. ती हळूहळू फिरवली, तसे पुढच्या काचेवरचे आभाळ पुसले गेले आणि आतली आईची नेहमीची जागा दिसू लागली. मी काच उगाचच दोनदा मागेपुढे फिरवली. बंपरवर मात्र तिची मात्रा चालेना. क्रोमवर ती चालतच नाही म्हणे. तिथे मी वाकडातिकडा उरलोच.

सहा फोटो बरे आले. पण विद्यार्थ्याला हुरूप आला होता. चालत्या गाडीचा एक घेऊ, म्हणाला. सेकंदाचा तिसावा भाग पडदा उघडा ठेवायचा आणि कमरेतून वळत कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा; म्हणजे गाडी स्थिर राहते आणि जग पळते. लार्तिग या फ्रेंच माणसाने तरुणपणी टिपलेली शर्यतीची मोटार त्याने मला दाखवली. तिचे नाक चौकटीबाहेर, चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेले. म्हटले, हे जमण्यासारखे आहे.

पण गाडी चालवायची कुणी? विद्यार्थी आत बसला आणि खाली गिअर शोधू लागला. तो स्टिअरिंगच्या दांड्याला असतो हे त्याच्या पिढीला कुठून ठाऊक असणार! आण्णांनी दार उघडले.

"उतर."

"आण्णा, डॉक्टरांनी—"

"मैदानात कोण आहे रे? तू आणि गोलपोस्ट."

रिकाम्या मैदानावर त्यांनी सात फेऱ्या मारल्या. मी चाळीस फोटो काढले. एकोणचाळिसांत गाडी पुसट, नाहीतर अर्धी, नाहीतर गेलेली. एकात मात्र सापडली. चाके भोवऱ्यासारखी, आणि खिडकीत आण्णा. समोर न पाहता माझ्याकडे बघून ओरडताहेत, बहुधा मी नीट वळत नाही म्हणून.

संध्याकाळी त्यांनी तो फोटो भिंग घेऊन पाहिला.

"मागचं तुझं कॉलेज सगळं पुसलं गेलंय."

"ते तसंच यायचं असतं, आण्णा."

"गाडी स्वच्छ आलीय," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "हा कोल्हापूरला नको पाठवूस. माणसं नकोत म्हणाला होता ना तो."