सर्व्हर टाकण्याआधी मशीन तपासा

शिक्षक मित्रांनो, आमच्या फर्दापूर फाट्यावर दर सोमवारी एखादी तरी गाडी हमखास येते. लांबून आलेली असते, आणि इथे आल्यावर कळतं की सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात. मी पण लिनक्स सर्व्हर टाकताना अगदी हेच केलं.

वर्गातल्या टॅबला नेट नसतानाही पाठांचे व्हिडिओ दिसावेत, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर करायचा होता. पहिल्या मशीनला पेनड्राइव्ह लावला, तर सुरुवातीलाच इन्स्टॉलर अडला. प्रोसेसर 32-बिटचा आणि मी उतरवलेली फाइल 64-बिटची. डेबियनने 2025 मध्ये आलेल्या 13 व्या आवृत्तीपासून 32-बिटचा इन्स्टॉलर देणंच बंद केलंय.

दुसरं मशीन ऑफिसमधलं, कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम. त्यात आठ-नऊ वर्षांचे निकाल होते. 'पूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय निवडणारच होतो, पण आधीच्या अनुभवाने थोडा शहाणा झालो होतो. म्हणून लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू केलं. यात हार्डडिस्कला हात न लावता लिनक्स चालतं, तपासायला हीच सगळ्यात सोपी पद्धत.

'एलएससीपीयू' कमांड दिली, प्रोसेसर 64-बिट निघाला. पण तेवढ्याने भागत नाही बरं का. रेड हॅटच्या 10 व्या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स2 लागतं, ते कोअर टू ड्युओत नाही. डेबियनला तशी अट नाही, म्हणून डेबियन धरलं. 'एलएसपीसीआय -के' ने नेटवर्क कार्ड पाहिलं. कार्डाच्या नावाखाली ड्रायव्हरची ओळ दिसली की समजायचं, कर्नलने त्याला ओळखलं. वायरचं कार्ड ओळखलं, वायफायचा यूएसबी डोंगल मात्र नाही. त्याच्या नादी लागलो नाही. राउटरपर्यंत सरळ केबल ओढली.

शेवटी 'स्मार्टसीटीएल' ने हार्डडिस्क बघितली आणि पोटात गोळाच आला. खराब झालेले सेक्टर बदलून दुसरे वापरल्याचा आकडा शून्य असायला हवा, तो शेकड्यात होता. दोन दिवसांनी परत पाहिला तर वाढलेला. म्हणजे मी फॉरमॅट केलं नसतं तरी ते निकाल जाणारच होते! आणि तुम्हाला खरं सांगतो, त्यांची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

सर्व्हर बाजूला ठेवला. लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपवर आणखी एक प्रत ठेवली, मगच नवीन एसएसडी बसवून डेबियन टाकलं. रोज तारीख मागे जात होती, म्हणून 2032 नंबरचा सेलही बदलून घेतला.

एका वर्षाची फाइल काही उघडली नाही. कागदी रजिस्टर होतं म्हणून निभावलं. मी आणि चौथीच्या मॅडमनी तीन संध्याकाळी बसून तो निकाल परत टाइप केला. एक नाव वाचायचं, एक नाव टाकायचं.