पोट सुटलेला विंगर

आजच्या विंगरच्या पाठीला जर्सीखाली एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. तो किती धावला, किती वेगाने धावला, कधी दमला, सगळा हिशेब प्रशिक्षकाच्या टॅबलेटवर उमटतो. हे यंत्र नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या जॉन रॉबर्टसनला बांधलं असतं, तर ते बिघडलंय असं समजून कोणीतरी दुरुस्तीला पाठवलं असतं.

हा स्कॉटिश गडी सिगारेट ओढायचा, तळलेलं आवडीने खायचा, अंगाने सुटलेला होता आणि वेग त्याच्याकडे जवळपास नव्हताच. जानेवारी १९७५मध्ये ब्रायन क्लफ व्यवस्थापक म्हणून आला, तेव्हा क्लबने रॉबर्टसनला विकायला काढलं होतं. क्लफने त्याला मधल्या फळीतून उचलून डाव्या बगलेवर उभं केलं. पुढे डिसेंबर १९७६ ते डिसेंबर १९८० या काळात तो सलग २४३ सामने खेळला. चिखलाची मैदानं, मागून येणाऱ्या लाथा, आणि राखीव खेळाडू एकच! आज पाच बदली खेळाडूंची सोय असूनही आठवड्यात तिसरा सामना आला की विश्रांतीची चर्चा सुरू होते.

त्याचं खरं वैभव मात्र दोन चित्रफितींत आहे. पहिली १९७९च्या म्युनिचमधली. युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर माल्मो, मध्यंतर तोंडावर आलेलं. डाव्या कडेला रॉबर्टसनसमोर दोन बचावपटू. तो पळत नाही. खांदा किंचित हलवतो, चेंडू हातभर पुढे सारतो, आणि गोलरेषेजवळून डाव्या पायाने असा क्रॉस टाकतो की पलीकडच्या खांबाशी धावत आलेल्या ट्रेव्हर फ्रान्सिसला फक्त डोकं लावायचं उरतं. फ्रान्सिस म्हणजे इंग्लंडमधला पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू, आणि त्याला ताट वाढून देणारा कोण, तर एके काळी विकायला काढलेला माणूस. निकाल १-०.

दुसरी, पुढच्याच वर्षी माद्रिदची. समोर हॅम्बुर्ग, त्यांच्याकडे केव्हिन कीगन. या वेळी रॉबर्टसन डावीकडून आत वळतो, गॅरी बर्टल्सशी चेंडूची देवाणघेवाण करतो आणि उजव्या पायाने मारतो. चेंडू खांबाला लागून आत. पुन्हा १-०.

एक कप डाव्या पायाने, दुसरा उजव्या. त्याच्यासमोरच्या बचावपटूची खरी पंचाईत इथे होती: हा बाहेर जाणार की आत, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. मग वेग हवा कशाला?

आता उजव्या पायाचा खेळाडू डावीकडे आणि डाव्या पायाचा उजवीकडे, अशी उलटी मांडणी सर्रास दिसते. आत वळायचं, दूरच्या कोपऱ्यात मारायचं. गोलरेषेपर्यंत जाऊन क्रॉस टाकायचं काम मागून धावत येणाऱ्या बॅकवर सोपवलेलं. यात डावपेचांचं शहाणपण आहे, नाही असं नाही; विंगर आज ढिगाने गोल करतात. पण दुसरा पाय नुसता उभं राहण्यापुरता ठेवलेले इतके महागडे खेळाडू पाहिले की मला नवल वाटतं. रोज सरावानंतर अर्धा तास त्या आळशी पायाने क्रॉस टाकायला कुठला आहारतज्ज्ञ मनाई करतो?

अर्थात फॉरेस्टच्याच डाव्या बगलेवरचा कॅलम हडसन-ओडोई सप्टेंबर २०२४मध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध तसाच आत वळला आणि उजव्या पायाने मारून १-० असा सामना जिंकून दिला. लीगमध्ये तिथे फॉरेस्ट १९६९नंतर पहिल्यांदाच जिंकलं. तो आत वळणार हे टीव्हीसमोर बसून मलाही दिसत होतं. चेंडू तरीही जाळ्यात गेला, एवढं मान्य करायलाच हवं.